वायसर

पुठ्ठ्यावर थेंब पडतो. मी मोजतो. अकराला
दुसरा.
म्हणजे सकाळपर्यंत दोन कटिंग डिझेल
वडाळ्याच्या जमिनीला.

फीड पंप नवा आहे. कुर्ल्याहून आणला, पावतीसकट,
बसवलाही मीच, भर उन्हात, अर्धा गाडीखाली.
चौदाचा पाना मागितला की कैलास सतराचा द्यायचा
आणि मी त्याला शिव्या घालायचो
ज्या खऱ्या तर दस्तगीर मिस्त्रीच्या होत्या.

दस्तगीरशी बोलणं बंद. सव्वा वर्ष.
क्लचप्लेटचे सातशे: तो म्हणे बाकी, मी म्हणे दिले.
कुणाचं खरं, आता मलाही धड आठवत नाही.
आवाज चढलेला आठवतो,
आणि टर्मिनलच्या गेटवरचा पानवाला
चुना लावायचा थांबला होता, तेवढं.

बोल्ट आवळला. थेंब नऊवर आला.
अजून आवळला. सातवर.
काका, आटे जातील, कैलास म्हणाला.
गाडीत काचा, सांगलीच्या. शोरूम गुरुवारी उघडणार.
मालकाचे तीन फोन.

शेवटी गेलो चौथ्या गल्लीत.
काम पोरांवर सोपवून तो हल्ली खुर्चीत बसतो,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाय टायरवर.
गळतंय, मी म्हटलं.
काय घातलंस, तो म्हणाला.
सव्वा वर्षानंतर एवढंच.

गाडीपाशी आला, हात पुसले, म्हणाला, पावडर आण.
कसली?
तोंडाची.
चंदनाचा डबा केबिनमध्ये आहे हे त्याला कसं ठाऊक,
मी तो सीटखाली ठेवतो.
त्यानं सांधे फडक्यानं कोरडे केले,
तळहातावर पावडर घेतली आणि फुंकली.
पंप, पाइप, बोल्ट, सगळं पांढरं,
जत्रेतलं सोंग उभं राहावं तसं.
मार पंप.
कैलास मारत राहिला. आम्ही वाकून.
पांढऱ्यातून एक ओली रेघ आली, केसाएवढी,
ज्या बोल्टवर मी दुपारभर जीव काढला
बरोबर त्याच्याच गळ्यातून.

वायसर नवं टाकलंस?
नाही. जुनंच. पुसून.
तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

रविवारी रात्री वायसर कोण देणार?
तांब्याच्या दोन्ही चकत्या त्यानं तारेत ओवल्या
आणि रस्त्यापलीकडे फुलवंतीबाईच्या स्टोव्हवर धरल्या.
ती म्हणाली, दूध उतू जाईल. तो म्हणाला, जाऊ दे.
रंग सांग, कैलास.
काळं.
आता?
वीट.
आता?
डाळिंब.
ग्लासातल्या पाण्यात चर्र झालं.

आता कडक झालं असेल ना, कैलासनं विचारलं.
लोखंड होतं, दस्तगीर म्हणाला. तांब्याचं उलटं.
दाबून दाबून ते ताठतं,
तापवून विझवलं की पुन्हा नरम.
मी त्यात दुसरं काही ऐकलं नाही.
निदान तेव्हा तरी नाही.

बोल्ट त्यानंच लावला, चाचपत,
शेवटी पान्यावर दोनच बोटं. बास, म्हणाला.
मग हवा काढली: आधी फेस, मग बुडबुडे,
मग सलग धार, न बोलता.

किती द्यायचे?
सातशे.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो गाडीकडे पाहत होता,
किंवा गाडी असावी तिकडे.
मी सहाशे दिले. सवय.
त्यानं नोटा बोटांनी मोजल्या, एकेक,
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या,
आणि खिशात घातल्या.

पहाटे खालापूरला गाडी बाजूला घेतली,
तोच पुठ्ठा उलटा करून खाली सरकवला,
उकिडवा बसलो, मोजायला लागलो.
अकरा गेले. बावीस.
कैलास झोपेत काहीतरी पुटपुटला.
शंभर मोजले.
पुठ्ठा कोरडा.
शंभर माझ्याकडेच राहिले.